‘काही लागलं तर सांग’ एवढ्यावर थांबू नये

कॅन्सरचं निदान झाल्याची बातमी ओळखीच्यांत पोचली की पहिले आठ-दहा दिवस त्या घरातला फोन वाजायचा थांबत नाही. माणसं भेटायला येतात. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून कुणी शहाळी आणतं, कुणी सफरचंदं, कुणी देवाचा अंगारा. निघताना दारात जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, ‘काही लागलं तर सांग हं, संकोच करू नकोस.’ म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण काय लागतं ते आठवायचं, ते कुणाला जमेल याचा अंदाज घ्यायचा, फोन करून मागायचं आणि नकार आला तर तोही गिळायचा, ही सगळी कामं या वाक्याने आजाऱ्याच्याच गळ्यात पडतात. केमोथेरपीने गळून गेलेल्या माणसाला नेमकं तेच जमत नसतं. म्हणून तो कुणाला काही सांगत नाही, आणि ‘त्यांचं निभतंय’ असं समजून माणसंही हळूहळू पांगतात. उपचारांच्या काळात मित्रमैत्रिणींनी द्यायची सर्वांत मोलाची भेट म्हणजे आजाऱ्याच्या डोक्यावरचं एखादं ठरावीक काम न सांगता, पूर्णपणे आणि शेवटपर्यंत उचलणं. वस्तू द्यायची तीही याच कसोटीवर निवडावी: ती घेतल्याने त्या माणसाचा भार कमी होतो की वाढतो? हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. उपचार वेळेवर पूर्ण होण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

जागतिक अंदाजांनुसार २०२२ या एका वर्षात भारतात कॅन्सरचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले. त्यांत स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार होते. म्हणजे आपल्या ओळखीत हा आजार येणार की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. आणि भोवतीच्या माणसांमुळे या आजारात काय फरक पडतो, याचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका दीर्घ अभ्यासात स्तनाचा कॅन्सर झालेल्या २,८३५ स्त्रियांची माहिती तपासली गेली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत, निदानाआधी ज्यांच्याभोवती माणसांचा गोतावळा जवळजवळ नव्हता अशा स्त्रियांमध्ये, भरपूर माणसं असलेल्यांच्या तुलनेत मृत्यूचा धोका ६६ टक्क्यांनी जास्त आढळला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्याच सात लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की विवाहित रुग्णांचं निदान आजार दूरवर पसरण्याआधी होण्याची आणि त्यांना योग्य तो उपचार मिळण्याची शक्यता अधिक होती. लग्नात औषधी गुण असतो, असा याचा अर्थ नाही. ‘डॉक्टरकडे चल’ म्हणून मागे लागणारं, तारीख लक्षात ठेवणारं आणि गाडीत घालून नेणारं कुणीतरी घरात असतं, हे त्याचं सर्वांत सरळ स्पष्टीकरण आहे. घरात असं कुणी नसेल किंवा असलेलं माणूस थकलं असेल, तिथे ही जागा मित्र भरून काढू शकतो.

यावर दोन शंका निघतात. पहिली अशी, की आजार बळावला की माणसं दूर जातात. मग एकटेपणाने आजार वाढला म्हणायचं, की आजाराने एकटेपणा? परिचारिकांच्या अभ्यासात गोतावळ्याची नोंद निदानाच्या आधीची होती, म्हणून ही शंका तिथे बरीचशी दूर होते. दुसरी शंका अधिक महत्त्वाची आहे. धीर दिल्याने, मन प्रसन्न ठेवल्याने आयुष्य वाढतं का? शरीरभर पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या २३५ स्त्रियांवरच्या कॅनडातल्या अभ्यासात २००१ मध्ये दिसलं, की आधारगटात नियमित जाणाऱ्यांचं मन सावरलं, वेदनाही कमी जाणवल्या, पण आयुष्य वाढलं नाही. डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या हजाराहून अधिक रुग्णांच्या २००७ मधल्या अभ्यासातही मनःस्थितीचा आयुर्मानाशी संबंध सापडला नाही. या निष्कर्षांनी खट्टू व्हायचं कारण नाही. त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ‘पॉझिटिव्ह राहा’, ‘तू फायटर आहेस’ असं सतत बजावणं थांबवायला हवं. त्याने रडू आलं तरी अपराधी वाटायला लागतं, आणि उद्या आजार उलटला तर ‘मीच खचले म्हणून झालं’ हा बोल आजारी माणूस स्वतःला लावतो. दुसरं म्हणजे, मित्राचा खरा उपयोग दोन ठिकाणी आहे: उपचार ठरल्याप्रमाणे पार पडावेत, आणि मधले दिवस सोसण्याजोगे व्हावेत.

त्यासाठी उपचारांचं वेळापत्रक समजून घ्यावं लागतं. स्तनाच्या कॅन्सरचंच उदाहरण घेऊ. अनेक रुग्णांना तीन आठवड्यांनी एक असे चार डोस आणि पुढे दर आठवड्याला एक असे बारा डोस दिले जातात. म्हणजे केमोच सहा महिन्यांची. त्याच्या आधी किंवा नंतर शस्त्रक्रिया, मग रेडिएशन, आणि अनेकींना पुढे पाच ते दहा वर्षं गोळ्या. भेटायला येणाऱ्यांची गर्दी मात्र पहिल्या पंधरवड्यातच आटोपते. तीन आठवड्यांच्या एका चक्रातही सगळे दिवस सारखे नसतात. डोसनंतरचे तीन-चार दिवस मळमळ आणि थकव्याचे. त्या दिवसांत घरात स्वयंपाक होत नाही, म्हणून डबा तेव्हा हवा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा भेटायला जाऊ नये, सर्दी-खोकला असलेल्याने तर मुळीच नाही. याच दिवसांत ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं लागतं. आपल्या मनाने तापाची गोळी देऊन ताप झाकायचा नसतो. अशा घरात एक चांगला डिजिटल थर्मामीटर नेऊन द्यावा आणि सोबत सांगावं, ‘तुझ्या या आठवड्यात माझा फोन रात्रभर चालू असेल, ताप आला तर गाडी मी काढीन.’ यात काम ठरलेलं आहे, दिवस ठरलेले आहेत, आणि जिने फोन करायचा तिला संकोचाचं कारण ठेवलेलं नाही. तिसरा आठवडा बहुधा त्यातल्या त्यात बरा जातो. गप्पा, सिनेमा, जरा बाहेर फिरून येणं हे तेव्हासाठी राखून ठेवावं.

रेडिएशनचं गणित वेगळं. एकेका दिवसाचा उपचार काही मिनिटांचाच, पण आठवड्यातले पाच दिवस आणि सलग काही आठवडे जावं लागतं. आपल्याकडे तंबाखूमुळे ज्यांचं प्रमाण मोठं आहे त्या तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये हे सहा-सात आठवडे चालतं, आणि मध्ये खंड पडून उपचार लांबला तर आजार आटोक्यात येण्याची शक्यता घटते. म्हणून ‘दर मंगळवारी आणि गुरुवारी मी नेईन’ म्हणणारा मित्र उपचारालाच हातभार लावत असतो. बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी तर हे सगळं दुप्पट अवघड. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं, आणि आजही विदर्भ-मराठवाड्यापासून बंगाल-बिहारपर्यंतची माणसं तिथे येतात. उपचार मिळतो, पण महिनोन्‌महिने राहायचं कुठे हा प्रश्न उरतो. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी या गरजेसाठी मोठं काम उभं केलं आहे. कॅन्सरग्रस्त मुलं आणि त्यांच्या पालकांसाठी २००६ पासून सेंट ज्यूड संस्था राहण्याची सोय करते. अशा ठिकाणी जागेची चौकशी करणं, अर्ज भरणं हे गावाकडून येणाऱ्याला कठीण आणि मुंबईतल्या मित्राला सोपं असतं. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वे स्लीपर आणि थ्री टियर एसीचं भाडं पूर्ण माफ करते, सोबतच्या एका माणसालाही ७५ टक्के सवलत देते. त्यासाठी ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. तो कागद मिळवून आणून देणं ही कुठल्याही फळांच्या करंडीपेक्षा मोठी भेट आहे.

वस्तू द्यावीशी वाटणं स्वाभाविक आहे, आणि योग्य वस्तूने खरोखर सुख होतं. पण कॅन्सर हा एक आजार नाही आणि केमो हे एक औषध नाही, म्हणून सरसकट यादी चालत नाही. बर्फाचंच पाहा. बोनमॅरो ट्रान्सप्लांटच्या आधी मेलफालान या औषधाचा मोठा डोस देतात. तो चालू असताना बर्फाचे खडे चघळत राहिलं तर तोंडातले फोड कमी येतात, आणि रुग्णालयंच तसं सांगतात. आतड्याच्या कॅन्सरसाठी दिल्या जाणाऱ्या ऑक्झॅलिप्लॅटिनचं मात्र नेमकं उलट. त्यानंतर काही दिवस थंड पाण्याचा घोट घेतला तरी घसा आवळल्यासारखा होतो, फ्रिजमधली बाटली उचलताना बोटांना मुंग्या येतात, काहींना हातमोजे घालावे लागतात. एकासाठी प्रेमाने नेलेलं आइस्क्रीम दुसऱ्याला छळणारं ठरतं. म्हणून कुठलं औषध चालू आहे आणि काय चालत नाही, हे घरच्यांना एकदा विचारून घ्यावं. काही गोष्टी बहुतेकांना उपयोगी पडतात: गळ्याजवळ किंवा दंडावर औषधाची नळी बसवलेली असते, आणि स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हात वर नेता येत नाही, म्हणून पुढून उघडणारे सुती गाऊन आणि बटणांचे सदरे, अगदी मऊ ब्रश, केस गेल्यावर डोक्याला न टोचणारी सुती टोपी किंवा स्कार्फ, केमोच्या खोलीतला एसी सोसावा म्हणून पायमोजे आणि जुन्या साड्यांची गोधडी. अनेकांच्या तोंडाला धातूसारखी चव येते आणि आपल्या घरात सगळी भांडी स्टीलची. अशा वेळी लाकडी किंवा प्लॅस्टिकचा साधा चमचासुद्धा जेवण पोटात जायला मदत करतो. अत्तर आणि वासाच्या उदबत्त्या टाळाव्यात, कारण साध्या वासानेही मळमळ उसळते. पेशी कमी असताना ताजी फुलं आणि फुलदाणीतलं साचलेलं पाणी अनेक वॉर्डांत आत नेऊ देत नाहीत.

जेवणाच्या डब्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे प्रेम बहुधा डब्यातूनच पोचतं. डबा घरी शिजवलेला, ताजा आणि गरम असावा. कापून ठेवलेली फळं, कच्च्या कोशिंबिरी आणि बाहेरच्या चटण्या पेशी कमी असताना नकोत. तोंड आलेलं असेल तर तिखट, आंबट, कुरकुरीत काहीच जात नाही. मुगाची मऊ खिचडी, पेज, आटवल, दूधभात, नाचणीची खीर जाते. आजाऱ्यापुरतं न देता घरातल्या सगळ्यांना पुरेल इतकं द्यावं, कारण मुलांचं आणि सासूबाईंचं जेवण कोण करणार ही काळजी तिचीच असते. आणि डब्याबरोबर सांगावं, की डबा घासू नका आणि भरून परत देऊ नका. रिकामा डबा परत करू नये ही आपली रीत चांगलीच आहे, पण त्या घराला या सहा महिन्यांपुरती तिच्यातून मोकळं करायला हवं. पूरक म्हणून नेल्या जाणाऱ्या पुड्या आणि काढे मात्र कितीही जवळच्याने सांगितले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नयेत. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. केमोची अनेक औषधं यकृतच हाताळतं. ते बिघडलं तर डोस पुढे ढकलावा लागतो. ‘तोटा तर काही नाही ना’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. शिवाय अशा पुडीला नाही म्हणणं हेही आजाऱ्याला एक नवं, अवघड काम होऊन बसतं.

पैशाची मदत करताना सगळेच अवघडतात. लग्नातला आहेर सहज देतो-घेतो, आजारपणातलं पाकीट मात्र दोन्ही बाजूंना टोचतं. त्यावर उपाय हाच, की रकमेऐवजी एखादा खर्च उचलावा: तीन महिन्यांचं टॅक्सीभाडं, औषधाच्या दुकानातलं खातं, मुलांच्या शिकवणीची फी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळू शकतात, पण कागदपत्रं, मंजुरी आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडच्या फेऱ्या यांत दमछाक होते. त्या फेऱ्या मित्राने घालाव्यात. अमेरिकेत किंवा दुबईत असलेला मित्रसुद्धा विम्याचे फॉर्म आणि बिलांचा हिशेब सांभाळू शकतो. रक्ताच्या कॅन्सरमध्ये प्लेटलेट वारंवार लागतात आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. म्हणून एकाच दिवशी वीस जणांनी धावून जाण्यापेक्षा वीस जणांची रक्तगटासह यादी करून पाळीपाळीने बोलावणं उपयोगाचं. पाळी आलेल्याने आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी, हेही त्यांना सांगून ठेवावं लागतं.

या सगळ्यावर कुणी म्हणेल, की हे काम घरच्यांचं आहे. बाहेरच्याने किती आत शिरायचं? पण सहा महिने ते वर्षभर चालणारा उपचार एकट्या नवऱ्याला, मुलीला किंवा भावाला झेपण्याजोगा नसतो. त्यांनाही नोकरी असते, पाठदुखी असते, रात्रीची झोप हवी असते. म्हणून महिन्यातून दोन रविवार त्यांना सुट्टी मिळेल अशी व्यवस्था करणं, ही आजाऱ्यालाच दिलेली भेट असते. दुसरा आक्षेप खाजगीपणाचा, आणि तो पूर्ण रास्त आहे. कॅन्सर म्हटलं की अजूनही काही घरांत मुलीच्या लग्नाची चिंता उभी राहते, कुठे आजाऱ्याचं ताट-वाटी वेगळी काढली जाते. कॅन्सर स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. त्या घरी बसून दोन घास खाणं हासुद्धा आधारच आहे. पण कुणाला काय सांगायचं हे आजाऱ्यानेच ठरवायचं. व्हॉट्सॲपच्या गटावर रिपोर्ट टाकणं किंवा परस्पर चार जणांना कळवणं ही मदत नव्हे. मदत देताना ‘हवी आहे का’ ऐवजी ‘बुधवारी डबा आणू की शुक्रवारी?’ असं विचारावं, आणि ‘दोन्ही नको’ हे उत्तरही न रुसता घ्यावं. तिसरा आक्षेप असा, की भेट फक्त उपयोगाचीच असावी का? नाही. उपचारांत माणूस फाइल नंबर होऊन जातो. त्याच्या आवडीची मराठी ऑडिओ पुस्तकं, जुन्या गाण्यांची यादी, ऑफिसातल्या गमतीजमती यांमुळे तो पुन्हा स्वतःसारखा होतो. कसोटी तीच: त्या आनंदासाठी त्याला कष्ट पडू नयेत, आणि आभार मानायचं कर्ज डोक्यावर चढू नये.

सर्वांत मोठी चूक मात्र शेवटी होते. शेवटचं रेडिएशन झालं की पेढे वाटले जातात आणि सगळे आपापल्या वाटेने जातात. थकवा पुढे कित्येक महिने राहतो. दर काही महिन्यांच्या तपासणीआधी पोटात गोळा येतो. कामावर परतल्यावर लक्ष लागत नाही. तपासणीची तारीख आपल्या कॅलेंडरात टाकून आदल्या दिवशी फोन करणं याला पैसा लागत नाही, पण ते फार थोडे करतात. आणि जिथे आजार बरा होणार नाही हे स्पष्ट झालेलं असतं, तिथे काय बोलावं हे सुचत नाही म्हणून जवळचे मित्रही जायचे थांबतात. तेव्हा बोलायला काही लागत नाही. शेजारी बसावं, पाय चेपून द्यावेत, बँकेची किंवा घराची राहिलेली कामं मार्गी लावावीत, वेदनाशमनाच्या औषधांसाठी धावपळ करावी. आयुष्य किती उरलं आहे यावर मैत्रीचं काम कमी होत नाही.

हे एकट्याने करायचं नाही, हेही लक्षात घ्यावं. आठ-दहा जणांत एकाने सूत्रं हाती घ्यावीत, घरच्यांशी त्यानेच बोलावं, आणि बाकीच्यांनी आपल्याला झेपेल ते एकेक काम वारासकट वाटून घ्यावं: कुणी सोमवारचा डबा, कुणी मुलांना शाळेत पोचवणं, कुणी औषधं आणणं. सोसायटी, ऑफिस, भजनी मंडळ, शाळेतल्या जुन्या मित्रांचा गट, अशी आपल्याकडची कुठलीही मंडळी हे उभं करू शकतात. वर्गणी काढून गणपती बसवणाऱ्यांना कामं वाटून घ्यायला शिकवावं लागत नाही. रुग्णालय औषध देतं, सरकारी योजना बिल भरते, पण रेडिएशनला वेळेवर पोचवणारा आणि रात्रीच्या तापाला उठणारा माणूस कुठल्याही योजनेत बसत नाही. ती जागा मित्रांचीच आहे. तारीख टाकून, वाटून घेऊन आणि शेवटपर्यंत ती सांभाळली, तर मैत्रीचा लाभ भावनेपुरता न राहता उपचार पूर्ण होण्यात दिसून येतो.